नव्वद उपवास आणि सुटलेला हरिपाठ

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून ४२ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. गेली चार वर्षं त्या घरून भाजणी, उपवासाची भाजणी आणि दिवाळीचा फराळ करून विकतात. यजमान नोकरीला, सासूबाई माळकरी, मुलगी यंदा दहावीला. गेल्या वर्षी होळीच्या सुमारास ताईंना मधुमेह निघाला. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ८.४ आली आणि मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या सुरू झाल्या. दोन्ही एकादश्या, संकष्टी, गुरुवार, श्रावणी सोमवार आणि नवरात्राचे नऊ दिवस हे उपवास लग्नापासून चालू आहेत. गेल्या नवरात्रात आठव्या माळेला चकल्या तळताना त्यांना चक्कर आली. शेजारणीच्या मीटरवर साखर ५८ दिसली. २८० किलोच्या ऑर्डरींपैकी ४० किलोचे पैसे परत करावे लागले. तेव्हापासून यजमान म्हणतात, ‘धंदा बंद कर.’ सासूबाई म्हणतात, ‘उपवास सोडलेस तर देवाचं काहीतरी राहून जाईल.’ ताई लिहितात, “देव, घर, तब्येत आणि व्यवसाय या चौघांना सारखा वेळ द्यायचा म्हणून मी पहाटे चारला उठायला लागले. वेळापत्रक करून भिंतीवर लावलं. तीन आठवडे पाळलं, मग मोडलं. उपवास एकही चुकवला नाही, पण रोजचा हरिपाठ सुटला तो सुटलाच. मी शिस्तीत कमी पडते का? स्वतःला घडवायचं तर सुरुवात कुठून करू?”

ताई,

उपवास एकही चुकला नाही, हरिपाठ मात्र सुटला, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मला तुमचं सगळं पत्र त्या एका वाक्यात दिसतं. उपवास काम करता करता होतो. कढईपुढे उभं राहून होतो, गिरणीच्या रांगेत होतो, डबे भरताना होतो. हरिपाठाला मात्र हातातलं खाली ठेवून बसावं लागतं. वेळ अपुरा पडायला लागला तशी जी गोष्ट वेळ मागते ती सुटली आणि जी शरीराकडून वसूल होते ती टिकली. धंद्यातही हेच झालं. मदतनीस ठेवली असती तर पैसे गेले असते, म्हणून ते काम शरीराने केलं. घरातली कामं झोपेतून काढली. देव, घर, धंदा अशी नावं वेगवेगळी असली तरी उधारी सगळी एकाच खात्यावर पडत गेली, आणि आठव्या माळेला त्या खात्यात ५८ शिल्लक होते.

म्हणून तुम्ही शिस्तीत कमी पडता असं मला वाटत नाही. तीन आठवडे पहाटे चारला उठून एवढा पसारा सांभाळणाऱ्या बाईला शिस्त शिकवायची गरज नाही. चूक त्या वेळापत्रकाच्या मांडणीत आहे. त्यात तब्येत हा चौथा रकाना आहे, देव-घर-धंद्याच्या पंक्तीत बसलेला. रात्री साडेअकराला पाठ टेकून पहाटे चारला उठलं तर साडेचार तास झोप होते. झोप अपुरी पडली की इन्सुलिन नीट काम करत नाही आणि दिवसभर भूकही जास्त लागते, म्हणजे तब्येतीसाठी उठलेल्या पहाटेने साखर वाढवलीच. ते वेळापत्रक भिंतीवरून काढा. झोपेचे सात तास आधी बाजूला ठेवायचे आणि उरलेल्या सतरा तासांत काय बसतं ते बघायचं. बसणार नाही ते कमी करायचं. काय कमी करायचं हाच खरा प्रश्न आहे.

उपवासांपासून सुरुवात करू, कारण तिथे जिवाचा धोका आहे. कागद घ्या आणि मोजा. एकादश्या २४, संकष्टी १२, गुरुवार ५२, श्रावणी सोमवार ४, नवरात्र ९. बेरीज १०१. काही एकाच दिवशी येतात ते वजा केले तरी नव्वदच्या वर. म्हणजे दर चौथ्या दिवशी तुमचं जेवण बदलतं आणि गोळ्या मात्र तशाच राहतात.

तुमच्या दोन गोळ्यांपैकी मेटफॉर्मिनने एकटीने साखर धोक्याच्या खाली सहसा जात नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेल्या असा वा नसा. सकाळी चहाबरोबर गोळी घेतली, फराळ दोन वाजता करू म्हटलं आणि दहा वाजल्यापासून तेलापुढे उभ्या राहिलात, तर अकरा-साडेअकराला साखर घसरणारच. मग दोनला ताटभर साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आणि प्रथिनं नावापुरती. त्यात बटाटा. म्हणजे सकाळी खड्डा आणि दुपारी डोंगर. काही जणी याच्या उलट करतात: उपवास म्हणून गोळीच टाळतात आणि खिचडी तेवढीच खातात. त्यांची साखर तीनशेच्या घरात जाते आणि त्यांना ते कळतही नाही, कारण वाढलेली साखर घसरलेल्या साखरेसारखी लगेच जाणवत नाही.

गोळी बंद करणं, अर्धी करणं, तिची वेळ बदलणं हे डॉक्टरांनी ठरवायचं. पण त्यांना नेमकं विचारायचं तुम्ही. ‘उपवास केला तर चालेल का?’ असं विचारलंत तर ‘करू नका’ एवढंच उत्तर मिळेल आणि घरी येऊन तुम्ही कराल. त्याऐवजी सांगा: ‘माझे उपवास या या दिवशी असतात, त्या दिवशी मी या या वेळेला हे खाते, मी गरम तेलापुढे इतके तास उभी असते. त्या दिवशी ग्लिमेपिराइड किती आणि कधी घ्यायची? दुसरी कुठली गोळी बसेल का?’ ज्या वाचकांना डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू आहे त्यांनी हा प्रश्न आणखी काळजीने विचारावा. उपाशी पोटी आणि कमी पाण्यावर त्या गोळीने रक्तात आम्ल साचू शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही उपवास धरू नये.

आता चक्कर आली तेव्हाचं. घाम फुटणं, हात थरथरणं, धडधड, जिभेला जडपणा, उगाच चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काहीही झालं की आधी गॅस बंद, मग शेगडीपासून लांब जाऊन जमिनीवर बसायचं. कढईतल्या चकल्या जळू देत. मीटरवर ७० च्या खाली आकडा असेल, किंवा मीटर हाताशी नसेल तरीही, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा पेला पाण्यात घालून प्यायची. साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढीच. तुमच्या हाताशी बेसनाचा लाडू असतो म्हणून तो उचलू नका. तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा चढते. साखर वर आली की नीट जेवायचं, कारण ग्लिमेपिराइडचा जोर बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. त्या दिवशी पुन्हा तेलापुढे जायचं नाही. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावं. हे सगळं तुमच्या मुलीला, यजमानांना आणि सासूबाईंना पाठ हवं. एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, त्या वेळापत्रकाच्या जागी.

सासूबाईंशी बोलायचं ते वाद घालायला नाही, कारण त्या सांगतात ती भीती खरी आहे आणि ती भक्तीतूनच येते. त्यांना सांगता येईल असं परंपरेतच पुष्कळ आहे. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी धर्मशास्त्रात सांगितल्या आहेत. त्यात पाणी, कंदमुळं, फळं आणि दूध आहे, गुरूंचं वचन आहे, आणि औषधही आहे. आजाऱ्याने साखरपाणी घेतलं तर उपवास मोडत नाही हे त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा: ‘आई, हे औषध आहे.’ नवरात्राला ‘बसता-उठता’ उपवास करण्याची चाल कित्येक घरांत आहे: घट बसतात त्या दिवशी आणि उठतात त्या दिवशी, मधले दिवस नाही. काही घरांत धान्यफराळ असतो, म्हणजे धान्य भाजून घेऊन त्याचं केलेलं चालतं. भाजलेल्या मुगाच्या डाळीचं वरण, भाजून दळलेल्या ज्वारीची भाकरी. तुम्ही भाजणी करणाऱ्या, तुमच्या इतकं हे सोपं कुणाला जाईल? तुमच्या घरचा कुळाचार काय सांगतो ते सासूबाईंनाच विचारा. आजारी सुनेसाठी त्यांच्या सासूने काय सवलत दिली होती, हेही विचारा. जुन्या घरांत बाळंतपण, आजारपण, म्हातारपण यांत उपवास कसे सैल व्हायचे हे त्यांना आठवेल.

गुरुवार कुणासाठी धरलेले आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. नवसाचे असतील आणि नवस फेडून झाला असेल तर रीतसर उद्यापन करा. व्रत सोडायची आपल्याकडे हीच रीत आहे. मनात हुरहूर ठेवून गुपचूप बंद करू नका, त्याने नंतर काहीही झालं तरी खापर तिथेच फुटतं. एका उद्यापनाने ५२ दिवस मोकळे होतील. संकष्टीला रात्री नऊ-दहाला चंद्रोदय होईपर्यंत रिकामं राहू नका. दिवसभरात तीन-चार तासांनी थोडं खा आणि चंद्राला नैवेद्य दाखवून जेवा. एकादशीला साबुदाणा नको. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, लाल भोपळ्याची भाजी, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर असं ताट करा. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात. भगर खायची तर शिजलेली एक वाटी, दाण्याच्या आमटीबरोबर. फळांत पेरू चांगला. रस काढून पिऊ नका. निर्जळी उपवास तुमच्यासाठी संपला असं समजा.

आणि त्या कमी झालेल्या उपवासांच्या जागी हरिपाठ परत आणा. संध्याकाळी दिवा लावल्यावर, सासूबाईंच्या शेजारी बसून. तेव्हा फोन आतल्या खोलीत आणि गॅस बंद. ऑर्डर देणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की सात ते साडेसात फोन उचलला जाणार नाही. सासूबाईंना तुमच्या भक्तीची खात्री पटायला रिकाम्या पोटापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. सावता महाराज पंढरीला न जाता अरणच्या मळ्यात राहिले अशी परंपरा आहे, आणि पांडुरंगाचीच पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. कामात देव बघणं म्हणतात ते हेच. पण ताई, त्याचा अर्थ काम वाढवत न्यावं असा कुणी सांगितला तर ऐकू नका.

आता धंदा. यजमानांचं ‘बंद कर’ मला पटत नाही, पण त्यांची काळजी पटते. त्यांनी तुम्हाला कढईशेजारी पडताना पाहिलं आहे. तेव्हा ‘चालू की बंद’ हा वाद सोडून आकडे घेऊन त्यांच्यासमोर बसा. तुमच्या पत्रातले आकडे असे: चकली ४०० रुपये किलो, साहित्य-तेल-गॅस-पिशवी मिळून २४० जातात, १६० उरतात. मळणं, पाडणं, तळणं मिळून किलोला सरासरी ४० मिनिटं. २८० किलो म्हणजे ११,२०० मिनिटं, १८६ तासांच्या वर. तुम्ही त्यासाठी २४ दिवस धरले होते, म्हणजे रोज पावणेआठ तास, तेही एकटीने. त्यात पिशव्या भरणं, फोन, स्वयंपाक, मुलीचा डबा धरलेलाच नाही, आणि पहिले नऊ दिवस उपवासाचे. हे गणित पहिल्याच दिवशी चुकलेलं होतं. तुम्ही कितीही पहाटे उठला असता तरी ते जमलं नसतं.

सगळी अडचण एका आश्विन महिन्यात साठते हे लक्षात घ्या. घटस्थापना आश्विनातली पहिली तिथी, लक्ष्मीपूजन शेवटची. देवाचं सगळ्यात मोठं व्रत आणि धंद्याचा सगळ्यात मोठा हंगाम हे एकाच महिन्यात येतात. सहामाही परीक्षाही बहुतेक त्याच सुमारास. वर्षभराचा समतोल शोधत बसण्यापेक्षा हे तीस दिवस नीट मांडले तर तुमचं निम्मं ओझं उतरेल.

मांडणी अशी करता येईल. घट बसण्याच्या आधी चकलीची भाजणी भाजून, दळून तयार. पितृपक्षात नवं काम काढायचं नाही असं घरात असेल तर त्याचा मुहूर्त गणपतीच्या आधी करा. पावसाळी हवेत धुतलेलं धान्य वाळत नाही, म्हणून पंख्याखाली कापडावर दोन दिवस पसरा. पुरतं कोरडं झाल्याशिवाय भाजू नका आणि पुरतं गार झाल्याशिवाय गिरणीत देऊ नका. कोमट धान्य दळलं की पिठाला डब्यात पाणी सुटतं, गुठळ्या होतात आणि महिन्याच्या आत कुबट वास येतो. नवरात्रात कढई चढवायचीच नाही. त्या नऊ दिवसांत अनारशाचं पीठ करा: तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून, मग सावलीत जरा सुकवून, दळून, गुळात मळून गोळे करून ठेवायचे. त्याला आच लागत नाही आणि ते महिनाभर टिकतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कढई. वसुबारसेच्या आदल्या दिवशी बंद. मधे साधारण १६ दिवस मिळतात. आधी शंकरपाळे, शेव आणि चकली, मग चिवडा, शेवटच्या आठवड्यात लाडू आणि सुक्या खोबऱ्याच्या करंज्या. ओल्या नारळाच्या करंजीची ऑर्डर घेऊच नका, ती दोन-तीन दिवसांपलीकडे राहत नाही आणि शेवटच्या रात्री जागरण करायला लावते. ऑर्डरी कोजागिरीला बंद. निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय नाव वहीत चढवू नका.

किती किलो घ्यायचे? २०० म्हणू. १३३ तासांचं काम, १६ दिवसांत रोज सव्वाआठ तास. एक मदतनीस बाई सहा तास, रोजी ५०० रुपये धरली तर तुमच्या वाट्याला सव्वादोन-अडीच तास येतात. भाव किलोमागे ४० रुपये वाढवा. चार वर्षं तुमच्या हातची चकली खाल्लेली माणसं तेवढ्यासाठी सोडून जाणार नाहीत. २०० किलोला २०० रुपयांप्रमाणे ४०,००० उरतात. मदतनीस बाईचे ८,००० वजा, ३२,०००. तयार भाजणी ४० किलो विकलीत आणि किलोला ९० सुटले तर ३,६०० आणखी. एकूण ३५,६००. गेल्या वर्षी २४० किलोवर तुमच्याकडे ३८,४०० उरले होते. फरक २,८०० रुपयांचा आहे. हा आकडा यजमानांसमोर ठेवा आणि विचारा, ‘अहो, एवढ्यासाठी गेल्या वर्षीसारखं करायचं का?’ माझा अंदाज आहे की ‘बंद कर’ तिथेच मागे पडेल.

मदतनीस ठेवायला तुम्ही कचरता ते पैशांमुळे नाही, हेही पत्रात दिसतं: ‘माझ्यासारखी चव येत नाही.’ चव हातात असते तोवर हात मोकळा होत नाही. तेव्हा अंदाज सोडून वजनकाटा घ्या. भाजणीला तांदूळ १ किलो, हरभरा डाळ ५०० ग्रॅम, उडीद डाळ २५०, मूगडाळ १२५, पोहे १२५, धणे ५०, जिरे २५ असं जे काही तुमचं प्रमाण असेल ते ग्रॅममध्ये लिहा. मोहन किलोला १०० ते १२५ ग्रॅम कडकडीत तेल. जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी झालं की दाताला कडक लागते. तेल फार तापलं की वरून लाल होते आणि आतून कच्ची राहते. तीच चकली दोन दिवसांत डब्यात मऊ पडते आणि गिऱ्हाईक म्हणतं, या वेळी बिघडलं. तेलातले बुडबुडे कमी झाले की काढायची, हे बाईला शेजारी उभं करून दोन घाण्यांत दाखवा. तिसरा घाणा तिला करू द्या.

उपवासाच्या भाजणीबद्दल दोन गोष्टी, कारण ती दुसऱ्याच्या व्रताशी आणि तब्येतीशी जोडलेली आहे. दळण गिरणीत उपवासाच्या दळणाच्या वेळेलाच द्या, नाहीतर आधीच्या गव्हाचं पीठ त्यात येतं. आणि भगर ताजी, स्वच्छ, पाकीटबंद घ्या. दमट हवेत भगरीला बुरशी धरते आणि तिच्या पिठाने उलट्या, चक्कर, थरथर अशी विषबाधा होते; नवरात्र-महाशिवरात्रीला दरवर्षी तसे रुग्ण येतात. भगरीचं पीठ साठवून ठेवू नका, ऑर्डरीपुरतंच दळा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी केली नसेल तर दिवाळीआधी करून घ्या. घरगुती व्यवसायालाही ती लागते, आणि तिचा १४ आकडी क्रमांक पिशवीवर छापायचा असतो.

कढईपुढच्या अडीच तासांचेही काही नियम हवेत. तळायला उभं राहण्याआधी साखर मोजा. १०० च्या खाली असेल तर काही खाऊन मगच गॅस पेटवा. दीड तासाने पुन्हा मोजा. उंच स्टूल घ्या, चकल्या बसून तळता येतात. पायात पुढून बंद अशी चप्पल हवीच. मधुमेहात पायांची जाणीव कमी होत जाते, तेलाचा थेंब पडलेला कळत नाही आणि छोटा फोड महिनाभर बरा होत नाही. रात्री झोपण्याआधी तळवे आरशात बघा. मीठ बघायला म्हणून जो तुकडा तोंडात जातो तो दर घाण्याला जातो. चव बघायचं काम मुलीला नाहीतर बाईला द्या. दोन्ही जेवणांनंतर १५ मिनिटं अंगणात चाला. साखर आटोक्यात येईपर्यंत एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी, डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन वर्षातून एकदा.

मुलीबद्दल एवढंच सांगते. दहावीच्या मुलीला कढईला जुंपू नका, पण तिच्यापासून तुमचा आजार लपवूही नका. मीटर कसं लावायचं आणि साखरपाणी कसं द्यायचं हे तिला आलं पाहिजे. यजमानांना घरपोच डबे आणि वहीचा हिशेब द्या. सासूबाईंना अनारशाची जाळी पारखायला बसायला आवडेल का ते विचारा. त्या ‘हो’ म्हणाल्या तर त्यांचं नाव ठरवल्यासारखं वेळापत्रकात घालू नका, रोज विचारा.

हे पत्र वाचणारे काही जण रोजे धरत असतील, काही पर्युषणात उकळलेल्या पाण्यावर राहत असतील. दिवस आणि वेळा वेगळ्या, पण डॉक्टरांना विचारायचा प्रश्न तोच: माझं खाणं अमुक वेळेला सुटतं, माझं काम अमुक आहे, गोळी कशी बदलायची? रमजानच्या दीड-दोन महिने आधी हे विचारलेलं बरं, म्हणजे बदललेली मात्रा अंगी लागते का ते बघायला वेळ मिळतो. आजाऱ्याला रोजातून सूट त्यांच्याकडेही आहे. आणि ७० च्या खाली आकडा आला की तिथेच सोडायचं, मग सूर्य मावळायला दहा मिनिटं का असेनात.

ताई, श्रावण तोंडावर आला आहे. पहिल्या सोमवारच्या आधी डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना तीन गोष्टी न्या: वर्षभराच्या उपवासांची तारखांसह यादी, दोन्ही गोळ्यांची पाकिटं आणि एका आठवड्याच्या साखरेची नोंद. त्यात सकाळी उपाशी पोटी, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, आणि एका गुरुवारी सकाळी अकराला, असे आकडे असू द्या. तो गुरुवारचा आकडा डॉक्टरांना आणि घरात सगळ्यांना दाखवा.